खाडीकांठचें रान आणि उत्तनचा किनारा

गोडदेव हें नांव ऐकणाऱ्याच्या मनांत गोडव्याची कल्पना येते. परंतु या गांवाच्या भोंवतालची भूमि पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्यावर जगत आली. भाईंदर स्टेशनच्या पूर्वेस असलेलें हें गांव आतां उंच इमारतींच्या गर्दींत असें मिसळून गेलें आहे कीं, नव्यानें राहावयास आलेल्या कुटुंबाला तें वेगळें ओळखतां येणें कठीण. तरीही वारा फिरला म्हणजे खाडीच्या चिखलाचा खारट, ओलसर वास गल्लींत येतो आणि समुद्र येथून फार दूर नाहीं याची आठवण करून देतो. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतींत मिरा-भाईंदरची वस्ती सुमारें १,७५,००० होती. २०११ च्या शिरगणतींत ती ८,०९,००० वर गेली. वीस वर्षांत ज्या शहराची वस्ती साडेचार पटींहून अधिक वाढली, त्या शहरांतील माणसाला रविवारच्या सकाळीं घटकाभर मोकळा वारा आणि शांतता कोठें मिळावी, हा प्रश्न लहान नव्हे. त्याचें उत्तर अगदीं जवळ, दहा-बारा किलोमीटरांच्या आंत आहे. मात्र तें उत्तर टिकून राहील कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं तेथें जाणाऱ्यांवरच अवलंबून आहे.

मुंबईच्या उत्तरेकडील नकाशा समोर ठेवला असतां या भागाची रचना चटकन ध्यानांत येते. उत्तरेस वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचें विस्तीर्ण मुख. पश्चिमेस अरबी समुद्र. आणि या दोहोंच्या कोपऱ्यांत, मुख्य साष्टीपासून खाजणांनीं व लहान खाड्यांनीं वेगळी झालेली, दक्षिणोत्तर लांब अशी एक डोंगराळ पट्टी. उत्तन, गोराई, मनोरी हीं गांवें याच पट्टीवर आहेत. जुन्या इतिहासांत हिला धारावीचें बेट म्हणत. मुंबईच्या मध्यभागीं असलेल्या धारावीशीं हिचा संबंध नाहीं. वसईच्या मोहिमेंत या बेटाला मोठें महत्त्व आलें होतें. खाडीच्या दक्षिण तीरावरील हें ठाणें ज्याच्या हातीं असेल, त्याला वसईकडे समुद्रमार्गें जाणारी मदत अडवितां येत असे. म्हणून चिमाजीआप्पांच्या सैन्यानें आणि पोर्तुगिजांनीं त्यासाठीं निकराची झुंज दिली. १७३९ सालीं धारावी मराठ्यांच्या हातीं आली, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वसईचा किल्ला पडला. लढाई झाली ती टेकडीसाठीं. टेकडीच्या पायथ्याशीं पसरलेला चिखल आणि त्यांत उभें असलेलें झाडोऱ्याचें रान यांची किंमत मात्र पुढें पुष्कळ काळपर्यंत कोणी केली नाहीं.

गोडदेवचें एक कुटुंब या किनाऱ्याच्या सहलीस निघालें आहे, असें क्षणभर कल्पावें. तरुणपणीं मिठागरावर राबलेले आजोबा, त्यांचा मुलगा व सून, आणि शाळेंत जाणारा नातू. मुलाच्या मतें सुटीचा दिवस पाहून निघावें. आजोबांच्या मतें तिथि पाहून निघावें. नातू विचारतो, “आजोबा, समुद्राला तिथि कशी कळते?” आजोबा हंसतात. “समुद्राला नाहीं रे, चंद्राला कळते. समुद्र त्याच्या मागोमाग चालतो. आज कोणती तिथि?” “षष्ठी.” “मग साहाची तीनपट कर आणि चारानें भाग.” मुलगा बोटांवर हिशेब करून सांगतो, “साडेचार.” “म्हणजे पहाटे साडेचारला भरती पुरी झाली. तेथून सव्वासहा तासांनीं ओहोटी पुरी. पावणेअकरापर्यंत पाणी मागें हटत राहील. तोंवर फिरून घ्यावें आणि पाणी वळलें कीं खडकांवरून बाहेर यावें.”

कोंकणच्या किनाऱ्यावर हा पाऊणपटीचा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून तिथि मोजावी, तिची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तो भरतीचा सुमाराचा तास. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षां पाऊण-एक तास उशिरां येते, हेंच तत्त्व या हिशेबाच्या मुळाशीं आहे. अर्ध्या तासाची चूक त्यांत सहज राहते. म्हणून छापील कोष्टक पाहणें केव्हांही अधिक सुरक्षित. परंतु ज्याला हा हिशेब येतो, त्याला पाण्याच्या चालीचा अंदाज घरीं बसून करतां येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेंमागें उधाण येतें आणि पाणी कधीं कधीं साडेचार मीटरांवर चढतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी मर्यादेंत राहतें. अपरिचित किनाऱ्यावर मुलाबाळांसह जाणाऱ्यानें भांगाचे दिवस निवडावे, हा आजोबांचा सल्ला शहाणपणाचा आहे.

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणारी बस स्टेशनची गर्दी मागें टाकते आणि मुर्धे, राई, मोर्वे या गांवांतून जाऊं लागते. येथें रस्त्याच्या कडेला खाजणें व मिठागरें दिसूं लागतात. मिठागर म्हणजे ऊन आणि वारा यांच्या बळावर चालणारा कारखाना. उधाणाच्या भरतीचें पाणी बांधाच्या उघाडींतून आंत घ्यावयाचें, मोठ्या तळ्यांत सांठवावयाचें, उन्हानें आटवीत आटवीत लहान वाफ्यांत आणावयाचें, आणि पाणी घट्ट होऊन तळाशीं दाणे धरूं लागले कीं लांब दांड्याच्या फळीनें मीठ ओढून राशी रचावयाच्या. हें काम पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस सुरू होईपर्यंत चाले. आगर म्हणजे मिठागर; त्यावरूनच आगरी हें नांव आलें असें सांगतात. आतां पुष्कळ आगरें ओस पडलीं आहेत. पण ओस पडलेल्या वाफ्यांतही उथळ पाणी राहतें, आणि त्यांत तांबड्या काडीसारख्या लांब पायांचे शेकाटे, पांढरे बगळे, किनाऱ्यावर धांवणाऱ्या लहान तुतारी चरत असतात. नातू पक्षी मोजतो. आजोबा बांध मोजतात. ज्या बांधावर त्यांनीं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, त्या बांधावर आतां तिवर उगवलें आहे. त्यांच्या चेहऱ्यावर खेद दिसतो, आणि त्याबरोबर एक समाधानही दिसतें. माणसानें सोडलेली जागा समुद्रानें परत घेतली, आणि घेतांना ती उजाड ठेविली नाहीं.

या तिवरांच्या रानाकडे शहरांतील माणूस बहुधा पडीक जमीन म्हणून पाहतो. दुरून तें बुटकें, मळकट हिरवें, चिखलानें माखलेलें दिसतें. त्यांत ना फुलांचा बहर, ना सांवलींत बसण्याची सोय. परंतु रस्त्याच्या कडेला पांच मिनिटें स्तब्ध उभें राहिलें तर त्याचें रूप पालटूं लागतें. प्रथम चिखलांतून पेन्सिलीसारखीं वर आलेलीं शेंकडों टोकें नजरेस पडतात. तीं तिवराचीं श्वासमुळें. चिखलांत हवा शिरत नाहीं. म्हणून जमिनींतील मुळांना प्राणवायु पोंचविण्यासाठीं झाड आपल्या मुळांचीं टोकें वर काढतें. खाऱ्या पाण्यांतून शोषलेलें जास्तीचें मीठ तिवर आपल्या पानांतून बाहेर टाकतें. पान न तोडतां त्यावरून बोट फिरवून जिभेला लावलें, तर खारट चव लागते. नातू तसें करून पाहतो आणि तोंड वांकडें करतो. आजोबा म्हणतात, “हें बघ आमच्याआधींचें मिठागर.”

कांदळाची रीत याहून निराळी. तें पुष्कळसें मीठ मुळाशींच अडवून धरतें, आणि बुंध्यापासून कमानीसारखीं निघालेलीं मुळें चिखलांत रोवून उभें राहतें. त्याचें बीं फळ झाडावर असतांनाच रुजतें. लांब शेंगेसारखा हिरवा कोंब आईच्या फांदीला लोंबत वाढतो, आणि पूर्ण वाढ झाली म्हणजे खालीं पडतो. ओहोटी असली तर तो चिखलांत उभा रुततो; भरती असली तर पाण्याबरोबर तरंगत जातो आणि योग्य जागा मिळाली कीं तेथें मूळ धरतो. जेथें रोज दोनदां पाणी येतें आणि दोनदां जातें, तेथें बीं जमिनींत पडून सावकाश रुजण्यास अवसर नसतो; म्हणून झाडानें बाळाला अंगावर वाढवूनच जगांत पाठविण्याची ही सोय केली आहे. याच रानांत चिपी, झुंबर, कांटेरी पानांची मारांडी अशा आणखीही जाती आढळतात. त्यांपैकीं पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्र राज्यानें २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला.

झाडांच्या खालचें जग तर अखंड कामांत असतें. एक नांगी भली मोठी आणि दुसरी चिमुकली असलेले खेकडे बिळांच्या तोंडाशीं उभे राहून ती नांगी हालवीत असतात. निवटी नांवाचा मासा पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारीत चालतो. गळून पडलेलीं पानें खेकडे ओढून बिळांत नेतात, तीं कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव पोसतात, त्या जीवांवर कोळंबीचीं आणि माशांचीं पिलें वाढतात. बोय, जिताडा यांसारख्या माशांचें बाळपण अशाच खाड्यांच्या आश्रयानें जातें. मोठा मासा बाहेर समुद्रांत सांपडतो खरा, परंतु त्याचा पाळणा या चिखलांत बांधलेला असतो. ज्या घरांत रविवारीं कोळंबीचें कालवण होतें, त्या घराचा या रानाशीं संबंध आहे; मग त्या घरांतील कोणी आयुष्यांत तिवर पाहिलेलें असो वा नसो.

या रानाचें दुसरें काम संरक्षणाचें. १९९९ च्या ऑक्टोबरांत ओडिशाच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आलें. पुढें संशोधकांनीं केंद्रपाडा जिल्ह्यांतील गांवांची तुलना केली, तेव्हां समुद्र आणि गांव यांच्यामध्यें जेथें कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता, तेथें माणसें कमी दगावल्याचें दिसून आलें. तें संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. मुळांच्या जाळ्यांत लाटेचा जोर मोडतो आणि गाळ अडकून किनारा धरून राहतो, हें त्याचें कारण. मुंबईच्या परिसरांत धोका येतो तो बहुधा दोन पाण्यांच्या गांठीनें. वरून मुसळधार पाऊस आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळीं आलीं म्हणजे गटारांचें व नाल्यांचें पाणी समुद्रांत शिरूं शकत नाहीं. तें मागें फिरतें आणि वस्तींत पसरतें. खाजणें व तिवरवनें मोकळीं असलीं तर हें थोपलेलें पाणी कांहीं काळ तेथें थांबतें. तीं भरून काढलीं तर तें घरांत थांबतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीं ही गोष्ट मुंबईनें फार मोठी किंमत देऊन शिकली.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील कांदळवनें तोडण्यास मनाई केली आणि त्यांच्या सभोंवार पन्नास मीटरांच्या पट्ट्यांत बांधकामास बंदी घातली. सरकारी जमिनीवरील कांदळवनें त्यानंतर टप्प्याटप्प्यानें राखीव वनें म्हणून वनखात्याकडे येऊं लागलीं, आणि २०१२ सालीं त्यांच्या देखरेखीसाठीं स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ मधील निकालांत न्यायालयानें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग आहे. २०२१ च्या वन-अहवालाप्रमाणें भारतांत ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन होतें. त्यांपैकीं महाराष्ट्रांत ३२४. येथून जवळच, ठाण्याच्या खाडींत, २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें आणि २०२२ सालीं त्याला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तेथें पाटी आहे, मार्गदर्शक आहे, नांव आहे. उत्तनच्या वाटेवरील रानाला तिकीटघर नाहीं आणि फाटकही नाहीं. ज्या राखीव जागेला फाटक नसतें, तिचें राखण येणाऱ्याजाणाऱ्याच्या सभ्यतेवर सोपविलेलें असतें.

डोंगरी सोडून बस उत्तनकडे वळते आणि रस्त्याच्या वळणावर पश्चिमेचा वारा एकदम अंगावर येतो. उत्तन, पाली, चौक हीं कोळीवाड्यांचीं गांवें. येथील कोळी बहुतांशीं ख्रिस्ती आहेत. देवळाच्या शिखराऐवजीं येथें चर्चचा क्रूस आकाशावर उमटतो, परंतु होडीची पूजा, जाळ्यांची निगा आणि समुद्राविषयींचा आदर हीं कोंकणच्या इतर कोळीवाड्यांसारखींच. पाऊस संपल्यानंतरच्या महिन्यांत किनाऱ्यावर बांबूंच्या लांबच लांब वलांड्या उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकावयाची. हें काम बायका इतक्या वेगानें करतात कीं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो वेग पकडतां येत नाहीं. बोंबील पकडण्याचें डोल जाळेंही पाहण्यासारखें. समुद्रांत रोवलेल्या खुंटांना बांधलेली ती एक प्रचंड पिशवी असते. भरती-ओहोटीचा ओढा तिच्या तोंडांतून वाहतो आणि मासळी आंत जमते. होडीनें माशाच्या मागें धांवावयाचें नसतें. म्हणून उधाणाचे दिवस हे डोल मासेमारीचे खरे दिवस; पाण्याला ओढ अधिक, तशी मासळी अधिक. आजोबांचा मिठागराचा हिशेब आणि कोळ्याचा जाळ्याचा हिशेब एकाच चंद्रावर चालतो.

किनारा येथें सलग वाळूचा नाहीं. कोठें पुळण, कोठें खडकांची रांग, कोठें त्या खडकांत अडकलेलें डबकें. ओहोटीच्या वेळीं हीं डबकीं म्हणजे लहान लहान सरोवरेंच. एकेका डबक्यांत शंखांत राहणारा खेकडा, पारदर्शक कोळंबी, खडकाला घट्ट चिकटलेलीं कालवें दिसतात. डबक्याच्या कांठीं बसून सांवली न पाडतां पाहत राहिलें तर आंतील प्राणी पुनः हालचाल करूं लागतात. हात घातला तर सर्व कांहीं लपून जातें. सून आपल्या मुलाला एक रिकामा शंख उचलूं देते, पण आंत जीव असलेला दुसरा परत ठेवावयास लावते. “हें त्याचें घर आहे,” एवढेंच ती म्हणते. त्या एका वाक्यांत किनाऱ्यावर कसें वागावें याचा बराचसा नियम आला.

हिंवाळ्यांत ओल्या वाळूवर कुरवांचे थवे उतरतात. त्यांच्याबरोबर सुरय आणि लहान चिखलपक्षी. यांतील पुष्कळ पाहुणे मध्य आशिया आणि सैबेरियाकडून हजारों किलोमीटर उडून आलेले असतात. मुलें त्यांच्या मागें धांवतात आणि थवा उडाला म्हणजे टाळ्या पिटतात. त्यांत दुष्टपणा नसतो. परंतु ओहोटीचे मोजके तास हेच या पक्ष्यांचे जेवणाचे तास असतात, आणि अंगावर चढविलेली चरबी हीच त्यांच्या परतीच्या प्रवासाची शिदोरी. विनाकारण घ्यावी लागलेली प्रत्येक भरारी त्या शिदोरींतून खर्च होते. म्हणून थव्यापासून दूर, वळसा घेऊन चालावें. जो असें चालतो, त्याला पक्षी अधिक वेळ दिसतात. शिस्तीचें फळ येथें तत्काळ मिळतें.

या शांततेला तडे जातात ते निराळ्याच कारणांनीं. भरतीच्या रेघेवर वाळलेल्या शेवाळाबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, तुटकीं जाळीं यांची माळ पडलेली असते. ती सगळी सहलीस आलेल्यांनीं टाकलेली नसते. शहरांतील नाल्यांतून खाडींत आणि खाडींतून समुद्रांत गेलेला कचरा भरती परत आणून ठेवते. गोडदेवच्या गल्लींत गटारांत पडलेली पिशवी उत्तनच्या वाळूवर सांपडणें अगदीं शक्य आहे. समुद्र हिशेब ठेवीत नाहीं, पण फेड मात्र करतो. तिवराच्या श्वासमुळांवर प्लास्टिकचा थर बसला म्हणजे त्या झाडाचा श्वास कोंडतो. वर हिरवें दिसणारें झाड खालून हळूहळू मरूं लागतें.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. मुंबईच्याच वर्सोवा किनाऱ्यावर २०१५ सालीं कांहीं नागरिकांनीं दर आठवड्याला कचरा उचलण्यास आरंभ केला, आणि २०१८ च्या मार्चांत त्या वाळूंतून समुद्री कांसवाचीं पिलें बाहेर येऊन पाण्याकडे गेलेलीं लोकांनीं पाहिलीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास या गांवीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून कांसवांच्या घरट्यांचें रक्षण हातीं घेतलें. ज्या गांवांत पूर्वी अंडीं खणून नेलीं जात, तेंच गांव पिलांना समुद्रांत सोडण्याचा सोहळा पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांचें आतिथ्य करूं लागलें. या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते: किनारा सुधारतो तो कायद्याच्या कागदाला माणसांच्या हातांची जोड मिळाली म्हणजे.

अडचण खरी आहे ती पुढें. आठ लाखांच्या वस्तीला रेल्वे हवी, रस्ते हवे, राहावयास घरें हवीं. या गरजा खोट्या नव्हेत. लोकलमध्यें रोज चेंगरून प्रवास करणाऱ्या माणसाला मेट्रो नको असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मेट्रोचें कारशेड प्रथम राई, मुर्धे व मोर्वे या गांवांच्या शिवारांत योजिलें गेलें. गांवकऱ्यांच्या विरोधानंतर तें डोंगरीकडे हलविण्याचें ठरलें. आणि मग डोंगरीच्या टेकडीवरील हजारों झाडांचा प्रश्न उभा राहिला, तो २०२५ सालीं बराच गाजला. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या सागरी मार्गाची आंखणीही तिवरवनांतून जाते. शेत वांचवावें तर टेकडी जाते, टेकडी वांचवावी तर खाजण जातें, असा हा पेंच आहे. तो एका व्याख्यानानें सुटणारा नाहीं. मात्र एवढें निश्चित सांगतां येईल कीं, ज्या जागेचें काम लोकांना ठाऊक नसतें, ती जागा हिशेबांत नेहमीं शून्य धरली जाते. टेकडी, खाजण, तिवर, पुळण यांचा उपयोग काय, हें ज्यांनीं पायांनीं चालून पाहिलें आहे, अशा नागरिकांची संख्या वाढली तर तो शून्य पुसला जाईल आणि तेथें खरा आंकडा लिहावा लागेल. कोठें एखादें झाड तोडणें अटळ ठरलें, तरी तें तोडतांना काय गमावलें याची नोंद होईल, आणि त्या बदल्यांत लावलेलें झाड खरोखर जगलें काय, असें विचारणारा कोणी तरी असेल.

पावणेअकराला पाणी वळतें. प्रथम कांहींच कळत नाहीं. मग खडकांमधील एक ओहळ उलट दिशेनें वाहूं लागतो, आणि मघां कोरडा असलेला दगड ओला होतो. आजोबा हांक मारतात आणि सगळे जण वर येतात. शिदोरी सोडून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली जाते. केळ्यांच्या साली आणि कागद पिशवींत बांधून परत घेतले जातात. परतीच्या बसमध्यें नातू खिडकीशीं बसतो. सकाळीं जें रान त्याला चिखल वाटलें होतें, त्यांत आतां पाणी शिरत आहे. श्वासमुळें एकेक करून बुडत आहेत, आणि पानांवर दुपारचें ऊन चमकत आहे. तो कांहीं बोलत नाहीं.

पुढच्या पावसाळ्यांत एखाद्या दिवशीं शाळा लवकर सुटेल, गोडदेवच्या गल्लींत घोट्याएवढें पाणी सांचेल आणि मोठीं माणसें आकाशाकडे पाहून त्रासतील. हा मुलगा भिंतीवरील दिनदर्शिकेपाशीं जाईल, तिथि पाहील, तिची तीनपट करून चारानें भागील, आणि आईला सांगेल कीं, आणखी दोन तासांनीं ओहोटी लागेल, मग पाणी उतरूं लागेल. आणि तें पाणी तोंवर थांबणार कोठें, हेंही त्याला ठाऊक असेल. कारण ती जागा त्यानें डोळ्यांनीं पाहिली आहे आणि तिचें मीठ चाखलें आहे.